गाईबरोबर वासरूही

आमच्या सोसायटीत गेले तीन आठवडे टँकरच्या पैशांवरून भांडण झालेलं नाही. पार्किंगवरूनही नाही. सगळ्यांचं लक्ष तळमजल्यावरच्या एका सात वर्षांच्या लॅब्रेडोर कुत्रीकडे लागलं आहे. तिसऱ्या मजल्यावरचं तरुण जोडपं नोकरीसाठी म्युनिकला गेलं तेव्हा ‘काकू, फक्त तीन-चार महिने’ असं म्हणून कोकोला खाली काकूंकडे ठेवून गेलं. चाराचे चौदा महिने झाले. आता त्यातला मुलगा तिला न्यायला आला आहे. काकू त्याला दार उघडतात, पोहे करून घालतात, तिकडच्या थंडीची चौकशी करतात आणि कुत्रीचा विषय निघाला की आत जाऊन कुकर लावतात. मधल्या काळात कोकोची ‘कोकी’ झाली, तिकडे आमच्यापैकी कुणीच लक्ष दिलं नाही. सातबाऱ्यावर कुणाचं नाव कधी चढलं हे गावात जसं मागाहून कळतं, तसंच हे.

सकाळी बागेत फिरणाऱ्यांमध्ये यावरून तीन तट पडले आहेत. बँकेतून निवृत्त झालेले एक काका पहिल्या तटाचे पुढारी. त्यांचं म्हणणं, ठेव ती ठेव. मुदत संपली, मूळ मालकाला परत करा, विषय संपला. दुसरा तट म्हणतो, चौदा महिने जिनं भात कालवून घातला, रात्री-अपरात्री डॉक्टरकडे नेलं, तिची ती कुत्री, पोसेल त्याची. तिसरा तट स्वतःला सर्वांत शहाणा समजतो आणि विचारतो, दुसऱ्याच्या जनावराला एवढा जीव लावायचाच कशाला? मला तिन्ही तट चुकलेले वाटतात, आणि गंमत म्हणजे तिघांची चूक एकच आहे. माया आणि परत करणं या दोन गोष्टी एका घरात नांदू शकत नाहीत, हे तिघांनीही न बोलता धरून चाललं आहे. म्हणून एक मायेकडे काणाडोळा करतो, दुसरा परत करणंच नाकारतो आणि तिसरा माया आधीच खुडून टाका म्हणतो. माझं म्हणणं वेगळं आहे. सांभाळायला घेतलेल्या जनावराला जीव लावणं हेच सांभाळण्याचं खरं काम. तो त्यातला अपघात नव्हे. त्या मायेनं मालकी मिळत नाही. पण तिचं मालकावर ऋण चढतं, आणि या ऋणाबद्दल आमच्या बागेत अजून कुणी चकार शब्द काढलेला नाही.

आधी ठेववाल्या काकांचं ऐकू, कारण त्यांची बाजू वाटते त्यापेक्षा भक्कम आहे. १८७२ सालचा भारतीय करार कायदा आजही लागू आहे. एखादी चीज ठराविक कामापुरती दुसऱ्याच्या हवाली करायची आणि काम झालं की परत घ्यायची, या व्यवहाराची कलमं त्यात १४८ पासून पुढे येतात. त्यातलं १६३ वं कलम मला फार आवडतं. सांभाळायला दिलेल्या मालात जी वाढ होईल तीही, वेगळं काही ठरलं नसेल तर, मालकाला द्यावी असं ते सांगतं, आणि खाली उदाहरण दिलं आहे: अ आपली गाय ब कडे सांभाळायला ठेवतो. गाईला वासरू होतं. ब नं गाईबरोबर वासरूही अ ला परत केलं पाहिजे. दीडशे वर्षांपूर्वी कायदा लिहिणाऱ्यांना दागिन्याचं किंवा धान्याच्या पोत्याचं उदाहरण सुचलं नाही, गाय सुचली, हे मला महत्त्वाचं वाटतं. जनावर दुसऱ्याच्या दावणीला बांधून जाणं ही इतकी रोजची गोष्ट होती. आपल्याकडे राखोळीला दिलेली गुरं होती, अर्धलीनं दिलेली शेळी होती. ज्याच्याकडे जनावर आहे तो उद्या ‘आता हे माझंच’ म्हणाला असता, तर दुष्काळात, बाळंतपणात, वारीला जाताना गरिबानं आपलं जनावर कुणाच्या भरवशावर सोडलं असतं?

हा प्रश्न जुन्या काळातच संपला असं कुणाला वाटत असेल, तर २००५ सालचं न्यू ऑर्लिन्स आठवावं. कतरिना वादळात शहर बुडालं. माणसांना बोटींतून आणि बसमधून बाहेर काढलं, पण अनेकांना कुत्री-मांजरं मागे सोडायला लावली. नंतर प्राणिप्रेमी संस्थांनी हजारो जनावरं वाचवली आणि दूरदूरच्या राज्यांत नव्या घरी दिली. काही महिन्यांनी मूळ मालक शोधत शोधत पोचले. कुणाचं घर वाहून गेलेलं, कुणी नातेवाइकांकडे जमिनीवर झोपत असलेलं. त्यांना उत्तर मिळालं की कुत्रा आता आमच्यात रुळला आहे, आमच्याकडे त्याला अंगण आहे, तुमच्याकडे काय आहे? प्रकरणं कोर्टात गेली. कुणाला कुत्रा मिळाला, कुणाला नाही. पुढच्याच वर्षी अमेरिकेनं कायदा करून आपत्तीच्या नियोजनात पाळीव जनावरांचाही विचार करणं राज्यांना भाग पाडलं. पण ‘आम्ही जास्त चांगलं सांभाळतो’ हा युक्तिवाद कुठवर जातो, ते त्या एका वर्षात दिसून गेलं. तो शेवटी अंगणाचा हिशेब होतो, आणि ज्याचं अंगण मोठं तो जिंकतो. १८५६ मध्ये डलहौसीनं अवध खालसा केलं तेव्हाही तक्रार हीच होती की नवाबाला राज्य नीट सांभाळता येत नाही. (काकूंना डलहौसीच्या पंगतीला बसवल्याबद्दल मी त्यांची माफी मागतो. त्यांनी हे वाचलं तर उद्याचे पोहे बंद होतील.)

म्हणजे ठेववाले जिंकले? नाही. त्यांची गाडी अडते ती ‘ठेव’ या शब्दापाशीच. बँकेच्या लॉकरमधली पाटली तिथल्या शिपायाच्या पावलांचा आवाज ओळखत नाही. त्याच कायद्याचं १५१ वं कलम म्हणतं की सांभाळणाऱ्यानं त्या मालाची एवढी काळजी घ्यावी, जेवढी सामान्य समजूतदार माणूस स्वतःच्या तशाच मालाची घेईल. आता मला सांगा, समजूतदार माणूस स्वतःच्या कुत्रीची काळजी जीव न लावता कशी घेतो? मोजून दोनदा खाणं, दोनदा फिरवणं, आणि बाकी वेळ तिच्याकडे बघायचंही नाही? असं चार महिने ठेवलेलं कुत्रं मालकाला परत मिळतं तेव्हा अंगावरचे केस गेलेले असतात आणि ते कोपऱ्यात तोंड घालून बसतं. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्याचं तिसरं कलम तर मालक कोण हे विचारतच नाही. ज्याच्या ताब्यात किंवा देखरेखीखाली जनावर आहे, त्या प्रत्येकावर ते त्याच्या सुखस्वास्थ्याची जबाबदारी टाकतं. काकूंनी ठेव सांभाळली म्हणजे नेमकं काय केलं? कोकी ढगांच्या गडगडाटाला घाबरते म्हणून पावसाळ्याच्या रात्री त्या न्हाणीघरात तिच्याशेजारी पाट टाकून बसल्या. हे कुठल्याही करारात लिहिलेलं नव्हतं आणि लिहिलं असतं तर हास्यास्पद झालं असतं. पण हेच केलं नसतं, तर आज मुलाला जी कुत्री परत हवी आहे ती अशी धडधाकट दिसली नसती.

‘जीव लावू नका’ म्हणणाऱ्यांच्या पाठीशी मात्र मोठी परंपरा आहे, आणि तिला हसून टाळता येणार नाही. भागवताच्या पाचव्या स्कंधातली भरत राजाची गोष्ट आपण कीर्तनात ऐकत आलो. राज्य सोडून गंडकीच्या काठी तप करणारा हा राजा. सिंहाच्या गर्जनेनं बुजलेली गाभण हरिणी नदीत झेपावते, पाडस प्रवाहात पडतं, हरिणी मरते. भरत ते पाडस उचलून आश्रमात आणतो. मग त्याला गवत, मग त्याला खाजवणं, मग ते दिसलं नाही की कासाविशी. जपतप सुटलं. मरताना डोळ्यांपुढे हरीण, म्हणून पुढचा जन्म हरणाचा, आणि त्यानंतरचा जडभरताचा. तिसऱ्या तटाचं म्हणणं या गोष्टीत नेमकं बसतं, आणि त्यात तथ्य आहे हे मी मान्य करतो. कोकी दुसऱ्या कुणाच्या हातून जेवत नाही, या कारणानं काकूंनी गेल्या वर्षी नागपूरला बहिणीकडे जाणं रद्द केलं, ते आम्ही पाहिलं आहे. ती पायरी पुढे कुठे जाते, हे भागवतकारांना ठाऊक होतं.

पण गोष्ट नीट ऐका. पाडस वाहत जाऊ द्यायला हवं होतं, असं भागवत कुठेही म्हणत नाही. उचलणं ही चूक नव्हती. त्या भरताची अडचण अशी की त्याच्या मायेला मुदत नव्हती. ते हरीण कुणाला परत द्यायचं नव्हतं आणि रानात सोडायचं त्याच्या मनात येत नव्हतं. आपल्याकडे आणखी एक भरत आहे, रामायणातला. त्यानंही दुसऱ्याची गोष्ट सांभाळली. पादुका गादीवर, स्वतः नंदिग्रामात वल्कलं नेसून, आणि चौदा वर्षांनी परत. (चौदा वर्षं तिकडे, चौदा महिने इकडे, एखाद्या कीर्तनकारानं यावर अर्धा तास काढला असता, मी पुढे जातो.) वाल्मीकींच्या युद्धकांडात राम परततो तेव्हा भरत हिशेब देतो तो ऐकण्यासारखा आहे. कोश, कोठारं, सैन्य, सगळं तुझ्या प्रतापानं मी दसपट केलं, तू पाहून घे. जीव न लावणारा राखणदार कोठार होतं तेवढं राखतो, कुलूप लावतो आणि दिवस मोजतो. दसपट करायला ते आपलं मानावं लागतं. आणि आपलं मानून दसपट केलेलं सगळंच्या सगळं त्यानं एका दिवसात समोर ठेवलं. गाईबरोबर वासरूही.

गादी आणि कुत्री एक नव्हे, हा आक्षेप मला मान्य आहे. गादी शेपूट हलवत नाही. तर मग शेपूट असलेल्यांकडे येऊ. माझं आजोळ परभणी जिल्ह्यातलं. तिथे पाडव्याला सालगड्याचं साल ठरायचं, पाडव्याला संपायचं. आजोबांच्या बैलजोडीचं सगळं गडी करायचा. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तुपानं मळून ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या’ असं त्यांच्या कानात सांगायचा मान नावाला आजोबांचा होता, पण बैल मान वळवून बघायचे गड्याकडे. त्याच्या खोकल्यावर ते उठून उभे राहायचे. मी आठ-नऊ वर्षांचा असताना एका पाडव्याला तो दुसरीकडे लागला. जाताना नव्या गड्याला गोठ्यात नेऊन त्यानं सांगितलेलं मला अजून आठवतं: डाव्या अंगाच्याला पाण्यावर आधी न्यायचं, तो प्याल्याशिवाय दुसरा तोंड लावत नाही. एवढं सांगून टॉवेल झटकून तो निघाला. त्यानं बैलांना जीव लावला नव्हता असं कोण म्हणेल? आणि म्हणून बैल त्याचे झाले, असंही गावात कुणी म्हणालं नाही. त्यानं तर नाहीच.

इथे मला स्वतःलाच थांबवावं लागतं, कारण या आठवणीवर साखर पेरणं सोपं आहे. सालगडी उचल घेऊन बांधलेला असायचा, बहुतेक वेळा भूमिहीन, बहुतेक वेळा गावाच्या उतरंडीत खालचा. त्याची माया मालकाला फुकट मिळत होती. बैलांना पुरणपोळी होती, झूल होती, शिंगांना बेगड होती. त्या पाडव्याच्या रात्री गड्याला झोप लागली का, हे विचारायला कुणी गेलं नाही. परत करण्याची रीत आपल्याकडे पक्की होती, पण ऋण मानण्याची नव्हती. आजचे ठेववाले काका त्याच परंपरेतून बोलतात, आणि काकूंना राग येतो तो नेमका याचा.

माया आणि परत करणं एकत्र बसवून दाखवलं आहे ते आंधळ्यांच्या वाटाड्या कुत्र्यांच्या संस्थांनी. अमेरिकेतली ‘द सीइंग आय’ ही संस्था १९२९ पासून हे काम करते. पिल्लू सात-आठ आठवड्यांचं झालं की ते एखाद्या स्वयंसेवी कुटुंबाकडे देतात. ते कुटुंब त्याला वर्षभर किंवा थोडं जास्त घरात वाढवतं, बाजारात नेतं, गर्दीची आणि गाड्यांची सवय करतं, आणि मग प्रशिक्षणासाठी परत करतं. त्या घराकडून मायेचीच अपेक्षा असते, कारण ज्या पिल्लाला माणसाच्या मायेची सवय नाही ते पुढे रस्ता ओलांडताना माणसावर विसंबणार नाही. परत देताना घरातली लहानमोठी सगळी रडतात, आणि त्यातली बरीच जण पुढच्या वर्षी दुसरं पिल्लू आणतात.

आता सर्वांत अवघड मुद्दा. ‘पोसेल त्याची’ हा नुसता हळवेपणा नाही, त्यामागे महाराष्ट्राचा एक मोठा आणि न्याय्य निर्णय उभा आहे. कसेल त्याची जमीन. १९४८ च्या कूळकायद्यानुसार १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी कसणारी कुळं जमिनीची मालक मानली गेली. जमीनदार मुंबईत किंवा पुण्यात बसून खंड घेत होता, घाम कुळाचा होता. कायद्यानं घामाच्या बाजूनं कौल दिला. आमच्या सोसायटीतल्या एका वकील बाईंनी हा मुद्दा काढला तेव्हा बागेत दोन मिनिटं शांतता होती. म्युनिकमध्ये बसलेला मालक आणि कोथरूडमध्ये राबणारी काकू. यात आणि त्यात फरक काय?

फरक आहे, आणि तो कूळकायद्यातच लिहिलेला आहे. कुळाला जमीन मिळाली ती तो जमिनीवर प्रेम करत होता म्हणून नव्हे, तर त्याच्या श्रमावर दुसरा पिढ्यान् पिढ्या खात होता म्हणून. शिवाय त्याच कायद्यानं काही मालकांना वेगळं काढलं: विधवा, अज्ञान मुलं, अपंग आणि सैन्यात असलेले. त्यांच्या जमिनीच्या बाबतीत १ एप्रिल १९५७ हा दिवस लागू झाला नाही, मुदत पुढे गेली. म्हणजे जमीनदारी मोडायला निघालेल्या कायद्यालाही कळत होतं की दूर असणं आणि सोडून देणं एक नव्हे. कुणी मजेत दूर राहून खातो, कुणाला दूर राहावंच लागतं. तेव्हा प्रश्न ‘चौदा महिने कुठे होतास?’ एवढाच नाही, ‘का नव्हतास, आणि तिकडून काय केलंस?’ हाही आहे.

याचं उत्तर आमच्या प्रकरणात कागदावर आहे. भारतातून युरोपीय संघात कुत्रं न्यायचं तर आधी चिप, मग रेबीजची लस, लशीनंतर किमान तीस दिवसांनी रक्ताचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत, आणि अहवाल ठीक आला तरी नमुना घेतल्या दिवसापासून तीन महिने थांबणं. या चार-पाच महिन्यांत वर भाड्याचं असं घर शोधायचं जिथे घरमालक कुत्रं ठेवू देईल. मुलगा दर रविवारी फोन करत होता, काकू फोन कोकीच्या कानाला लावत होत्या. लशीचे आणि डॉक्टरांचे पैसे त्यानं एकदा पाठवले, काकूंनी परत केले. हा जमीनदार नव्हे. त्यानं सहा महिने फोन केला नसता, लशीचं विचारलं नसतं, ‘बघू, नंतर’ म्हणत राहिला असता, तर मी आज दुसऱ्या तटात उभा असतो. टाकून दिलेल्या जनावराला मालक नसतो. जो उचलेल तो त्याचा. पण इथे तसं झालेलं नाही, म्हणून माझं उत्तर, काकूंना आवडणार नाही तरी, स्पष्ट आहे. कोको त्याची आहे.

‘कोकोलाच विचारा ना’ अशी एक सूचना सोसायटीतल्या शाळकरी मुलांकडून आली. दोघांना दोन टोकांना उभं करायचं, जाईल तिकडे तिची. जनावराच्या मनाचा विचार करा, ही त्यातली भावना खरी आहे, आणि ठेववाल्यांना ती सुचली नाही हा त्यांचा कमीपणा. पण कुत्र्याचं धावत जाणं म्हणजे मतदान नव्हे. २००१ मध्ये बुडापेस्टच्या संशोधकांनी निवारागृहातल्या कुत्र्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. अनोळखी माणसाबरोबर दहा-दहा मिनिटांच्या तीन भेटी झाल्या, तरी कुत्री त्या माणसाशी जवळीक दाखवू लागली. भुकेला जीव हात पटकन धरतो. उलट डार्विननं १८७१ च्या ग्रंथात आपल्या कुत्र्याची हकिगत दिली आहे. बीगल जहाजावरून पाच वर्षं आणि दोन दिवसांनी तो घरी आला आणि मुद्दाम परीक्षा घ्यायची म्हणून तबेल्यापाशी जाऊन त्यानं जुन्या पद्धतीनं हाक मारली. कुत्र्यानं आनंद वगैरे काही दाखवला नाही. सरळ मागोमाग फिरायला निघाला, जणू अर्ध्या तासापूर्वीच निरोप घेतला होता. म्हणजे कुत्रं नवं माणूस चटकन जोडतं आणि जुनं विसरत नाही. ज्याला दोघंही हवे आहेत, त्याला एक निवडायला लावून कुठला न्याय मिळणार?

डार्विनची ही गोष्ट वाचताना मला नेहमी एक वाटतं. पाच वर्षं त्या कुत्र्याला खायला कोण घालत होतं? डार्विन ते सांगत नाही. हाचिकोचंही तेच. टोकियोच्या शिबुया स्थानकात मेलेल्या मालकाची जवळजवळ दहा वर्षं वाट पाहणाऱ्या त्या कुत्र्याचा पुतळा १९३४ मध्ये, तो जिवंत असतानाच, उभा राहिला. १९२५ मध्ये प्राध्यापक उएनो वारल्यावर तो दोन-चार घरं फिरून शेवटी त्यांच्याच जुन्या माळ्याकडे राहिला. हा माळी ज्याला खाऊ घालत होता, तो रोज त्याच्या दारातून उठून दुसऱ्या माणसाची वाट पाहायला जात होता, आणि माळ्यानं त्याला बांधून घातलं नाही. निष्ठेची गोष्ट सांगताना जग कुत्र्यापाशी थांबतं. मी त्या माळ्यापाशी थांबतो.

मग मालकावर चढलेलं ऋण कशानं फेडायचं? पैशानं थोडंफार, आणि तेही टाळू नये. फुकट सांभाळणाऱ्याचा आवश्यक खर्च मालकानं द्यावा, असं करार कायद्याचं १५८ वं कलमच सांगतं. ‘काकू घेत नाहीत’ ही सबब पुरेशी नाही. पण खरी गल्लत झाली ती मुदतीपाशी. ‘तीन-चार महिने’ सरले तेव्हा मुलानं ‘अजून थोडे दिवस’ असं कळवलं. कळवलं, विचारलं नाही. मुदत वाढते ती पुन्हा विचारून, आणि समोरच्याला नाही म्हणायची मोकळीक ठेवून. प्रत्येक वेळी नुसतं कळवलं गेलं, तेव्हा काकूंच्या मनात परतीची तारीख पुसट होत गेली, आणि पुसट तारखेवरच जडभरताचं हरीण वाढतं. दुसरं, नेताना विमानाच्या आदल्या दिवशी येऊन पट्टा ओढायचा नसतो. मुलगा तीन आठवड्यांची सुट्टी काढून आला, हे त्यानं शहाणपणाचं केलं. त्यानं रोज काकूंबरोबर तिला फिरवावं, घरी न्यावं, रात्री पुन्हा खाली आणून सोडावं. आणि सात वर्षांच्या लॅब्रेडोरला एवढा प्रवास झेपेल का, हे डॉक्टरांना विचारावं. ते नाही म्हणाले तर तिला इथेच ठेवणं हे त्याचं काम आहे, कारण तेव्हा निर्णय तिच्या तब्येतीनं घेतलेला असेल, आमच्यापैकी कुणाच्या प्रेमानं नव्हे. २०२५ मध्ये नांदणी मठाची हत्तीण न्यायालयाच्या आदेशानं जामनगरला गेली तेव्हा कोल्हापूर रस्त्यावर आलं. तीन दशकांहून जास्त काळाची ती माया खोटी नव्हती. पण एक बाजू प्रेम सांगत होती, दुसरी निकाल दाखवत होती, आणि या दोघांच्या आवाजात हत्तिणीच्या पायांचं काय, हा प्रश्न ज्याला ऐकायचा त्याला कान लावून ऐकावा लागत होता.

परवा संध्याकाळी मी काकूंकडे गेलो होतो. मुलगा वर जेवायला गेला होता. डायनिंग टेबलावर दुधाच्या हिशेबाची जुनी वही उघडी होती आणि मागच्या कोऱ्या पानांवर काकू काहीतरी लिहीत होत्या. मी विचारलं तर वही माझ्याकडे सरकवली. कोकोसाठी होतं ते, किंवा कोकीसाठी. वर नाव लिहिलेलं नव्हतं. दुधी खात नाही, भोपळा खाते. गोळी पोळीच्या लाडवात दिली की गिळते, तुपात नाही. डावा कान दर आठवड्याला पुसावा. लिफ्टमध्ये आधी आपण शिरावं, मग ती येते. चौथ्या पानावर, शेवटी: आभाळ गडगडलं की न्हाणीघरात नेऊन दिवा लावून शेजारी बसावं, हळू आवाजात गाणं म्हणावं, म्हणजे झोपते.

कुठलं गाणं, ते काकूंनी लिहिलेलं नाही.